अंडकोशातली गाठ आणि बारीक सुई: एफएनएसी कधी करायची, कधी अजिबात नाही

ठाणे स्टेशनजवळच्या एखाद्या सोनोग्राफी सेंटरमधून रिपोर्ट हातात पडतो. शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं: ‘डाव्या एपिडिडिमिसच्या टेलमध्ये १.४ × १.१ सेंमीचं सॉलिड लिजन, टेस्टिसपासून वेगळं. अ‍ॅडव्हाइस: एफएनएसी.’ म्हणजे वृषणामागच्या एपिडिडिमिस नावाच्या नळीत घट्ट गाठ आहे, बारीक सुईने पेशी काढून तपासून घ्या. हे वाचून पुरुषमाणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. रिपोर्टची घडी घालून तो कपाटात कपड्यांखाली सरकवतो, नाहीतर ट्रान्सहार्बरच्या गाडीत बसून मोबाईलवर शोधत राहतो आणि वाशी यायच्या आत आपल्याला कॅन्सर झालाय असं ठरवून मोकळा होतो. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. इथे जावई तरी निदान डॉक्टर असतो, गुगल तोही नसतो.

त्या ओळीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग ‘सॉलिड’ हा नाही आणि ‘एफएनएसी’ हाही नाही. तो आहे ‘टेस्टिसपासून वेगळं’. गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, यावर पुढचं सगळं ठरतं: सुई लावायची की नाही, ऑपरेशन कुठून करायचं, वृषण वाचणार की जाणार.

पिशवीत काय काय असतं

अंडकोश म्हणजे बाहेरची कातडीची पिशवी. तिच्यात दोन वृषणं असतात, ज्यांना लोक गोळ्या म्हणतात. प्रत्येक वृषणाच्या मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत चिकटलेला एक मऊसर पट्टा हाताला लागतो. तोच एपिडिडिमिस. ती खरं तर एकच बारीक नळी आहे, पण इतकी गुंडाळलेली की उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू या नळीतून जाताना पक्व होतात आणि खालच्या टोकाला, म्हणजे ‘टेल’मध्ये, साठून राहतात. तिथून वर जाणारी जाड नळी म्हणजे नसबंदीत कापतात ती. ही नळी, रक्तवाहिन्या आणि थोडी चरबी मिळून जी दोरी वर जांघेकडे जाते, तिला डॉक्टर कॉर्ड म्हणतात.

अनेकजण स्वतः चाचपून बघताना एपिडिडिमिसलाच गाठ समजतात आणि घाबरून येतात. दोन्ही बाजूंना सारखंच लागत असेल तर बहुधा ती शरीराची नेहमीचीच रचना असते.

आता मुद्द्याचं. मोठ्या माणसात वृषणाच्या आत घट्ट गाठ सापडली, तर ती सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच धरतात, कारण बहुतेक वेळा ती तशीच निघते. वृषणाच्या बाहेर, म्हणजे एपिडिडिमिस, कॉर्ड किंवा आवरणात घट्ट गाठ सापडली, तर ती बहुतेक वेळा साधी असते. साधी म्हणजे न पसरणारी, जीवावर न उठणारी. एकाच पिशवीत, एका बोटाच्या अंतरावर, हिशोब असा उलटा होतो.

हे अंतर हाताने नेहमी कळत नाही. म्हणून आधी तपासणी आणि मग डॉप्लरसह (म्हणजे रक्ताचा प्रवाहही दाखवणारी) सोनोग्राफी, हा क्रम सोडायचा नाही. डॉक्टर उभं करून आणि झोपवून तपासतात, खोकायला लावतात (हर्निया असेल तर धक्का जाणवतो), अंधारात टॉर्च धरून बघतात (पाणी असेल तर पिशवी लालसर उजळते, घट्ट गाठ उजळत नाही). गाठ आत की बाहेर, हे सांगण्यात सोनोग्राफी क्वचितच चुकते. गाठ साधी की वाईट, हे सांगण्यात मात्र तिची मर्यादा आहे, आणि सुईची पाळी तिथे येते.

सुई नेमकं काय आणते

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काढायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. यात काप नाही आणि टाका नाही.

वाशीच्या एपीएमसीत धान्याचा व्यापारी पोतं उघडत नाही. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो, मूठभर दाणे हातावर घेतो आणि तांदूळ कुठला, जुना की नवा, किडका आहे का, ते सांगतो. एफएनएसी तशीच. दाणा कळतो, पण पोत्यात थर कसे लागलेत ते कळत नाही. नळी चांगल्या कोपऱ्यात गेली आणि कीड दुसऱ्या कोपऱ्यात असली, तर फसगत होते. बायोप्सीत तुकडाच निघतो, त्यामुळे पेशींची मांडणीही दिसते. पण त्यासाठी जाड सुई किंवा सुरी लागते आणि या भागात ती सहजासहजी कोणी लावत नाही.

सुई कधी लावायची नाही

पहिला आणि सगळ्यात ठाम नकार: वृषणाच्या आतली घट्ट गाठ, जिच्याबद्दल कॅन्सरचा संशय आहे. याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. गर्भात वृषण पोटात तयार होतं आणि नंतर खाली उतरतं, त्यामुळे त्याच्या लसिकेचा, म्हणजे पेशींमधून परत जाणाऱ्या पातळ द्रवाचा, निचरा अजूनही पोटाच्या मागे, महाधमनीजवळच्या लसिकाग्रंथींकडे जातो. अंडकोशाच्या कातडीचा निचरा मात्र जांघेकडे. कातडीतून सुई वृषणात घातली, तर या दोन वेगळ्या वाटा जोडल्या जाण्याचा धोका तयार होतो. कॅन्सरच्या पेशी सुईच्या मार्गावर राहिल्या, तर जिथे त्या एरवी गेल्या नसत्या तिथे त्यांना वाट मिळते. असं प्रत्यक्षात क्वचित घडतं, हे खरं. पण क्वचित घडणारी गोष्टही का ओढवून घ्यायची, जेव्हा त्या सुईने निर्णय बदलणारच नाही? अशा गाठीत जांघेतून काप घेऊन पूर्ण वृषण काढतात आणि तेच निदानही असतं, पहिला उपचारही. शिवाय या कॅन्सरमध्ये एकाच गाठीत दोन-तीन प्रकार मिसळलेले असू शकतात. सुईला त्यातला एक सापडला आणि दुसरा हुकला, तर उपचार चुकतात. त्यामुळे इथे सुईऐवजी रक्तातल्या तीन तपासण्या करतात: एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. त्या ऑपरेशनच्या आधी करायलाच हव्यात, नुसत्या नंतर नाही. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड होतं.

याला थोडे अपवाद आहेत. ब्लड कॅन्सर किंवा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) झालेल्या रुग्णाच्या वृषणात तो परत आलाय का, हे बघायला सुई वापरतात. वीर्यात शुक्रजंतूच नसतील तर वृषणात ते तयार होतात का, हेही सुईने बघता येतं. तो विषय वेगळा.

दुसरा नकार शिरांच्या जाळ्याला. व्हेरिकोसीलमध्ये कॉर्डमधल्या शिरा फुगून अळ्यांच्या पुंजक्यासारख्या लागतात. तिथे सुई घातली तर रक्त साठून पिशवी काळीनिळी होते. तिसरा हर्नियाला, कारण ‘गाठ’ म्हणून आतड्यात सुई जाऊ शकते. दोन्ही चुका डॉप्लर सोनोग्राफीने टळतात. सोनोग्राफी न करता या भागात सुई लावायला निघालेल्या कोणालाही थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चौथी गोष्ट तर एफएनएसीपर्यंत पोचायलाच नको. तरुण मुलाला अचानक, झोपेतून उठवणारी तीव्र कळ, एका बाजूचं वृषण वर ओढलेलं, उलट्या. हा वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. त्याला ६ तासांच्या आत ऑपरेशन थिएटर गाठायला हवं, नाहीतर वृषण मरतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून निघायचं आणि पोचल्यावर पहिलं वाक्य ‘पिळाचा संशय आहे’ हेच म्हणायचं.

ताप, लाली आणि ताजी सूज असेल तर आधी अँटिबायोटिक. सूज उतरल्यावर गाठ उरली तर मग सुईचा विचार. आणि लिंगावरची जखम, चामखीळ किंवा डाग असेल तर त्याला सुई नाही, तुकडा काढून बायोप्सी.

लहान मुलं आणि किशोरवयीन मुलांबद्दल एक इशारा. वर म्हटलेलं ‘बाहेरची गाठ बहुतेक साधी’ हे त्यांना लागू करायचं नाही. या वयात वृषणाबाहेर झपाट्याने वाढणारी घट्ट गाठ रॅब्डोमायोसारकोमाची, म्हणजे स्नायूसारख्या पेशींच्या कॅन्सरची, असू शकते. ती थेट कॅन्सरच्या मोठ्या केंद्रात दाखवायची.

खोलीत काय होतं

उपाशी यायची गरज नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील (क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे) तर आधी सांगायचं. स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, ज्या डॉक्टरांनी दिल्यात त्यांना विचारायचं. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्यायची. संमतीपत्रावर सही होते.

झोपवल्यावर डॉक्टर आधी गाठ पुन्हा चाचपतात. अंडकोशाची कातडी सैल असते, वृषण निसटतं, आणि गाठ तर त्याहून निसटती. म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत गाठ धरून वरची कातडी ताणून घट्ट करतात. सुई लावण्यापेक्षा ही पकड अवघड. ती सुटली तर सुई गाठीऐवजी शेजारच्या वृषणात जाते आणि मग काचेवर शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशींची गर्दी दिसते, गाठीचा पत्ताच नसतो. एक सेंटीमीटरपेक्षा लहान किंवा खोल गाठ असेल तर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई लावणं उत्तम.

सुई २३ किंवा २४ गेजची. निळ्या बुडाची २३ गेजची सुई जेमतेम ०.६ मिलिमीटर जाड असते, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईइतकीच. भूल बहुतेक वेळा देत नाहीत, कारण भुलीचं इंजेक्शनही एक टोचणीच आहे आणि त्या द्रवाने गाठ हाताला लागेनाशी होते. फारच भीती असेल तर तसं सांगावं, त्याला पर्याय असतात.

सुई गाठीत शिरली की मागे सिरिंजचा दट्ट्या ओढून पोकळी तयार करतात आणि सुई गाठीच्या आतल्या आत, थोडी दिशा बदलत, चार-पाच वेळा पुढे-मागे नेतात. या मागेपुढे होण्यानेच पेशी सुटतात. सुईच्या बुडाशी थेंबभर काही दिसलं की थांबायचं. आणि बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून द्यायचा. नवशिके इथेच चुकतात: दट्ट्या ओढलेला ठेवून सुई बाहेर काढली की हवा आत घुसते, सुईतला माल सिरिंजमध्ये उडतो, आतल्या भिंतीला चिकटतो आणि काचेवर काहीच येत नाही. काहीजण दट्ट्या न ओढता नुसती सुईच वापरतात. रक्ताळलेल्या गाठीत ती पद्धत जास्त चांगली, कारण रक्त कमी येतं.

मग सुई सिरिंजपासून काढायची, सिरिंजमध्ये हवा भरायची, सुई परत लावायची आणि काचेला टेकवून थेंब बाहेर ढकलायचा. दुसरी काच वर ठेवून हलकेच ओढायची. जोर दिला तर पेशी चिरडून त्यांचे धागे होतात. एक काच लगेच, अक्षरशः सेकंदांत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची, दुसरी हवेत वाळवायची. दोन्ही लागतात. अल्कोहोलवाल्या काचेवर केंद्रकाचे बारकावे नीट दिसतात, वाळवलेल्या काचेवर पेशीचं अंग आणि आजूबाजूचा पसारा.

वाळवण्याचा भाग ऐकायला किरकोळ वाटतो, पण जुलैतल्या ठाण्याच्या हवेत काच सावकाश वाळते, पेशी आक्रसतात आणि चांगल्या पेशी विचित्र दिसू लागतात. म्हणून पावसाळ्यात काच पंख्यासमोर किंवा ड्रायरच्या थंड झोतात धरतात. वाळवलेल्या काचेजवळ फॉर्मॅलिनची उघडी बाटली ठेवायची नाही. त्याच्या नुसत्या वाफेने रंग बिघडतो. आणि काचेवर नाव पेन्सिलीनेच लिहायचं, शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

सुईला घट्ट गाठीऐवजी पाणी लागलं तर ते शक्य तितकं ओढून घेतात, मोजतात, रंग बघतात. मग रिकाम्या जागी पुन्हा चाचपतात. काही घट्ट उरलं असेल तर तिथे वेगळी सुई. हे न करता ‘पाणी निघालं, झालं’ म्हणून सोडून देणं ही चूक.

शेवटी पाच मिनिटं दाबून धरायचं. पुरेसा माल मिळाला की नाही हे काही ठिकाणी पहिली काच दोन-तीन मिनिटांत झटपट रंगवून लगेच बघतात. तशी सोय असेल तर दुसरा हेलपाटा वाचतो. घरी गेल्यावर घट्ट अंडरवेअर, लागलं तर कापडात गुंडाळलेला बर्फ, आणि एक-दोन दिवस बाईक, सायकल, सिलिंडर उचलणं बंद. थोडं दुखणं आणि लहानसा निळा डाग येऊ शकतो. सूज वाढत गेली, ताप आला किंवा कळा वाढल्या तर परत जायचं.

काचेवर काय दिसतं

एपिडिडिमिसच्या ट्यूमरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी गाठ म्हणजे अ‍ॅडिनोमेटॉइड ट्यूमर. बहुतेक २० ते ५० वयात, एपिडिडिमिसच्या खालच्या टोकाला, न दुखणारी, सहसा दोन-तीन सेंटीमीटरच्या आतली, हाताला टणक. वृषणाभोवतीच्या आवरणातल्या पेशींपासून ती तयार होते. ती कॅन्सर होत नाही आणि नीट काढली तर परत येत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली तिचं चित्र ओळखीचं आहे. एकसारख्या, गोल-चौकोनी पेशींचे पुंजके, काही सपाट चादरीसारखे पसरलेले, काही ग्रंथीसारखं वर्तुळ केलेले. पेशीच्या अंगात फुगे, त्यामुळे केंद्रक कडेला ढकललेलं. केंद्रकं मात्र शांत: सगळी एकाच मापाची, बारीक पोताची, विभाजन चाललेल्या पेशी दिसत नाहीत. मागे काही सुटी केंद्रकं आणि गाठीतल्या तंतूंचे तुकडे.

त्या फुग्यांमध्येच खड्डा आहे. कडेला ढकललेलं केंद्रक आणि फुगलेलं अंग हे काही कॅन्सरमध्येही दिसतं, आणि ही गाठ कधी न पाहिलेला पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काच वाचणारा डॉक्टर, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर असं लिहून बसू शकतो. उलट अनुभवी माणूस वय, जागा, गाठीचा आकार आणि केंद्रकांचा शांतपणा एकत्र बघतो. शंका राहिली तर उरलेल्या मालाचा सेल ब्लॉक करतात, म्हणजे पेशी गोळा करून मेणात बसवतात आणि त्याचे पातळ काप काढतात. त्यावर कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-वन अशा खास रंगांच्या चाचण्या होतात. आवरणाच्या पेशी त्या रंगांना धरतात, ग्रंथींच्या कॅन्सरच्या पेशी सहसा नाही. म्हणून तपासणीच्या फॉर्मवर ‘अंडकोश, गाठ’ एवढंच लिहून चालत नाही. वय, बाजू, जागा, मोजमाप आणि सोनोग्राफीची ओळ, हे पॅथॉलॉजिस्टच्या हाती असायलाच हवं.

बाकीच्या गाठी पटकन सांगून टाकतो. दुधासारखं गढूळ पाणी आणि त्यात शुक्रजंतू: स्पर्मेटोसील, म्हणजे एपिडिडिमिसमधली पाण्याची पिशवी. गवती पिवळं स्वच्छ पाणी, शुक्रजंतू नाहीत: हायड्रोसील (वृषणाभोवती साठलेलं पाणी) किंवा साधी सिस्ट (पाण्याची पिशवी). अंडकोशाच्या कातडीतल्या टणक दाण्यातून दह्याच्या गुठळीसारखा वास मारणारा पांढरा माल आणि काचेवर केंद्रक नसलेले खवले: कातडीची साधी सिस्ट. नसबंदीनंतर कापलेल्या टोकाजवळ दुखरा दाणा, काचेवर शुक्रजंतू आणि ते गिळणाऱ्या पेशी: स्पर्म ग्रॅन्युलोमा. निव्वळ चरबी: लायपोमा. पण इथे थांबून एक सांगायला हवं. उतारवयातल्या माणसाच्या कॉर्डमधली मोठी, वाढत जाणारी चरबीची गाठ सुईने ‘लायपोमा’ दिसली तरी तेवढ्यावर विसंबायचं नाही. चरबीचा संथ कॅन्सर सुईच्या थेंबात हुबेहूब साध्या चरबीसारखा दिसू शकतो. ती गाठ काढूनच बघावी लागते.

गाठ आहे, पण ट्यूमर नाही

आपल्या भागात सुईचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे वाटतो. एपिडिडिमिसच्या खालच्या टोकाला टणक, फारशी न दुखणारी गाठ अ‍ॅडिनोमेटॉइड ट्यूमरची असते तशीच क्षयाचीही असते. जागा तीच आणि हाताला लागणंही जवळपास तसंच. एकीला ऑपरेशन किंवा नुसती नजर पुरते, दुसरीला गोळ्या. सुईत चिजसारखा कुजलेला माल, एकमेकांना बिलगलेल्या लांबट पेशींचे पुंजके आणि अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसल्या, की त्याच मालावर क्षयाच्या जंतूंचा रंग आणि सीबीनॅट (जंतूंचा डीएनए शोधणारी) चाचणी करायची. जंतू काचेवर दिसले नाहीत तरी क्षय नाही असं होत नाही, म्हणून सीबीनॅट. छातीचा एक्स-रे आणि लघवीचीही तपासणी होते, कारण किडनीत क्षय असू शकतो. उपचार साधारण सहा महिन्यांचे, सरकारी क्षयरोग केंद्रात मोफत, आणि वृषण शाबूत.

हेच चित्र वृषणाच्या आतल्या गाठीतून आलं असतं तर मात्र हुशारीने वाचावं लागलं असतं. सेमिनोमा या वृषणाच्या कॅन्सरमध्येही असेच पुंजके (त्यांनाच ग्रॅन्युलोमा म्हणतात) आणि लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी दिसतात. नुसतं ‘ग्रॅन्युलोमा’ बघून क्षय म्हटलं आणि सहा महिने गोळ्या चालल्या, तर कॅन्सरला तेवढीच मोकळीक मिळते. जागा आधी, सुई नंतर, हे म्हणूनच.

दुसरा रोग हत्तीरोगाचा. पूर्व विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून भिवंडीच्या यंत्रमागांवर आणि नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीत कामाला आलेल्या माणसांमध्ये तो लक्षात ठेवायलाच हवा. अंडकोशातल्या लसिकावाहिन्यांमध्ये जिवंत जंत वळवळताना कधीकधी सोनोग्राफीच्या पडद्यावरच दिसतात. डॉक्टर त्याला चक्क ‘फायलेरियाचा नाच’ म्हणतात. सुईच्या थेंबात पातळ आवरणात गुंडाळलेल्या, शेपटीच्या टोकाला केंद्रकं नसलेल्या अळ्या दिसतात, भोवती इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी. रक्तात या अळ्या रात्रीच सापडतात म्हणून रात्रीचं रक्त घ्यावं लागतं. सुईत त्या भरदिवसाही मिळू शकतात.

‘सुई कशाला, थेट काढूनच टाका ना’

हा सवाल रास्त आहे. लहान गाठ, तरुण माणूस, डोक्यात सतत तेच. पण एपिडिडिमिस ही एकच सलग नळी आहे. तिच्यातून गाठ कोरून काढताना नळी कापली जाऊ शकते आणि त्या बाजूचा शुक्रजंतूंचा रस्ता बंद होऊ शकतो. दुसरी बाजू चांगली असेल तर मूल व्हायला सहसा अडचण येत नाही. तरी, क्षयाची गाठ ट्यूमर समजून कापली असं झालं तर नुकसान फुकटचं. आणि त्याहून वाईट म्हणजे निदानाच्या अनिश्चिततेत ‘कशाला धोका पत्करा’ म्हणून अख्खं वृषण काढणं. साधी गाठ आहे हे आधी कळलेलं असेल तर सर्जन फक्त गाठ काढायची तयारी करून उतरतो, किंवा लहान, न वाढणारी गाठ काही महिन्यांनी सोनोग्राफी करून नजरेखाली ठेवतो.

‘सुईने मूल होण्यात अडथळा येईल का’

एका बारीक सुईने असं होणं फार दूरची गोष्ट. पण टेलमध्ये वारंवार सुया मारून नळीला इजा होऊ शकते, म्हणून माल मिळाला की थांबायचं. एकच वृषण असेल, दुसऱ्या बाजूचं आधीच काढलेलं किंवा सुकलेलं असेल, तर हे सुई लावण्याआधीच सांगा. अशा वेळी सुईचा विचार वेगळ्या तागडीत होतो, आणि वीर्य साठवून ठेवण्याचा सल्लाही मिळू शकतो.

रिपोर्टमधले शब्द

‘इनअ‍ॅडिक्वेट’ किंवा ‘फक्त रक्त’ याचा अर्थ काही नाही सापडलं असा नाही, तर तपासायला काही मिळालंच नाही असा. तो ‘नॉर्मल’ समजून घरी बसू नये. सुई पुन्हा लावावी लागते, शक्यतो सोनोग्राफीच्या मदतीने. स्नायूंच्या साध्या गाठी, म्हणजे लियोमायोमा, इतक्या चिवट असतात की सुईत फारसं येतच नाही. दोनदा तसं झालं तर काढून बघणंच बरं. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ म्हणजे चित्र तसं आहे, पण पॅथॉलॉजिस्टने दार थोडं उघडं ठेवलंय.

रिपोर्ट ‘बिनाइन’ (साधी गाठ), पण सोनोग्राफी म्हणते गाठ वृषणाच्या आत शिरतेय किंवा दोन महिन्यांत दुप्पट झालीय, तर सुईच्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही. सुईचा होकार सोनोग्राफी आणि हाताच्या तपासणीशी जुळला तरच उपयोगाचा.

कुठे आणि काय घेऊन

ठाणे-नवी मुंबईत मेडिकल कॉलेजला जोडलेली हॉस्पिटलं आहेत: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरुळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम. सुई लावणं आणि काच वाचणं अशा ठिकाणी एकाच विभागात होतं. कॅन्सरचा खरा संशय असेल तर खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे. खाजगी लॅबमध्ये जायचं तर आधी फोनवर एवढंच विचारा की सुई पॅथॉलॉजिस्ट स्वतः लावतात का, आणि सोनोग्राफीचं मशीन त्याच जागी आहे का. नुसतं सॅम्पल घेऊन दुसरीकडे पाठवणाऱ्या ठिकाणी काच कशी वाळली, किती वेळ पडून राहिली, हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

दुसरं मत घ्यायचं असेल तर कागद पुरत नाही, काचा लागतात. त्या लॅबकडे लेखी अर्ज करून मागता येतात. प्लास्टिकच्या स्लाइडबॉक्समध्येच घ्या. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकलेल्या काचा दादरपर्यंतही अखंड जात नाहीत, आणि दुसऱ्या जागी तेवढ्यासाठी सुई पुन्हा खावी लागते.